शेवटच्या नळाचं रजिस्टर: एका जलसुरक्षकाच्या कामाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातलं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. त्या काळात मी तालुक्याच्या पातळीवर पाणी गुणवत्तेच्या कामात होतो, त्यामुळे बहुतेक गोष्टी जवळून पाहिल्या. रोजचं, कुणाच्या डोळ्यात न भरणारं काम माणूस कधी मन लावून करतो आणि कधी नुसत्या पाट्या टाकतो, याचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गाव सह्याद्रीच्या पायथ्याचं, लोकवस्ती अठराशेच्या आसपास. ओढ्याकाठी सार्वजनिक विहीर आणि वरच्या अंगाला पन्नास हजार लिटरची टाकी. माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला ९९,००० लिटर पाणी लागतं, म्हणजे टाकी रोज दोनदा भरावी लागते. पाणी आधी गावठाणाला सुटतं, मग मधल्या आळीला आणि सगळ्यात शेवटी ओढ्यापलीकडच्या वस्तीला.

पाणी सोडणारे गृहस्थ पन्नाशी उलटलेले. गावात लहानथोर त्यांना तात्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. कागदावर ते ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी आणि जलसुरक्षक. प्रत्यक्षात पहाटे व्हॉल्व्ह फिरवण्यापासून घरपट्टीच्या नोटिसा वाटण्यापर्यंत आणि ग्रामसभेची दवंडी देण्यापासून खांबावरचे दिवे बदलण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडेच. मानधन तीन-तीन महिने थकायचं. तरी उभ्या नोकरीत त्यांनी पाणी सोडायला उशीर केला, अशी तक्रार कुणाची नव्हती. पाणी वेळेवर सुटलं पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. पाण्यातल्या औषधाबद्दल मात्र तसं नव्हतं, आणि प्रकरणाची गाठ इथेच आहे.

जलसुरक्षकाचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टाकीच्या पाण्यात रोज ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावच्या भाषेत टीसीएल, टाकायची असते. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतं. अशी पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे या टाकीला एका भरणीस २५० ग्रॅम लागते. ती थेट टाकीत फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, बादली पाऊण भरायची, ढवळायची आणि दहा-पंधरा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा. वरची निवळ दुसऱ्या बादलीत काढून तेवढीच टाकीत सोडायची. मग निदान अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. शेवटी नळाला आलेल्या पाण्यात ओटीच्या, म्हणजे ऑर्थोटोलिडीनच्या, औषधाचे थेंब टाकून बघायचं. पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे, नाही आला तर नाही. भारतीय मानक १०५००:२०१२ नुसार नळाच्या पाण्यात किमान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, मोकळं क्लोरिन हवं, आणि विषाणूंपासून बचाव करायचा असेल तेव्हा ०.५.

हे सगळं रजिस्टरात उतरवायचं: तारीख, वेळ, टीसीएल टाकलं का, ओटी हो की नाही, सही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. या गावाकडे हिरवं कार्ड होतं. ऑफिसात सरपंचांच्या खुर्चीमागे ते लावलेलं होतं.

अडचण

जूनमध्ये पहिले दोन मोठे पाऊस झाले आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आशाताईंच्या लक्षात आधी आलं, कारण एकाच दिवशी एकाच रांगेतल्या तीन घरांतून ओआरएसची पाकिटं मागायला माणसं आली. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राचं पथक आलं. तोवर एका मुलाला सलाईन लावायला ग्रामीण रुग्णालयात हलवावं लागलं होतं. पुढे सगळे बरे झाले, पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पथकानं वस्तीतल्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट केली. रंग आला नाही. मधल्या आळीत अगदी पुसट आला. मग रजिस्टर मागवलं.

त्या रजिस्टरचं ते पान मला अजून तसंच्या तसं आठवतं. सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात, ओळीखाली ओळ ‘हो’, ‘हो’, ‘हो’. वेळेच्या रकान्यात रोज सहा वाजता. दिवस मंगळवार होता आणि नोंदी गुरुवारपर्यंत भरलेल्या होत्या.

ऑफिसात शोधाशोध केल्यावर आणखी तीन गोष्टी पुढे आल्या. ओटीच्या औषधाची बाटली रिकामी होती, तळाशी सुकलेला डाग होता. टीसीएलच्या गोण्या पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर टेकवलेल्या होत्या आणि एकीचं तोंड उघडंच होतं. त्या आदल्या वर्षी मार्चअखेर निधी खर्ची टाकण्यासाठी एकदम घेतलेल्या सहा गोण्यांपैकी होत्या. ओल, ऊन आणि हवा लागली की पावडरीतलं क्लोरिन उडून जातं. क्लोरिन २० टक्क्यांच्या खाली गेलं तर ती पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नये असा नियम आहे. गोण्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले तेव्हा ती त्याच्या बरीच खाली निघाली. तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. फायलीत पाणी नमुन्यांचे दोन जुने अहवाल होते, दोन्हींवर ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा. आवक क्रमांक पडला होता, ग्रामसेवकांची सही होती, आणि ते तिथेच थांबले होते. टाकीवर पावडर टाकणाऱ्या माणसाला ते कधी दाखवलेच गेले नव्हते.

म्हणजे खोटी नोंद एका माणसाची होती, पण ती खपून जाईल अशी सोय बऱ्याच जणांनी मिळून केली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. पुढचे निर्णय अवघड झाले ते त्यामुळे.

पुढ्यात असलेले पर्याय

त्या संध्याकाळी ऑफिसात सरपंच, ग्रामसेवक, तीन सदस्य आणि तात्या होते. मी आणि आरोग्य सहाय्यक नंतर पोहोचलो. तिथे जे पर्याय निघाले, ते मी प्रत्येकाकडून नंतर वेगवेगळे ऐकून ताडून घेतले.

पहिला पर्याय ग्रामसेवकांनी सुचवला. ‘‘तात्या, पुढचे दोन दिवस खोडा आणि पान नीट करून घ्या. बाकीचं मी वर बोलतो.’’ हे भाऊसाहेब वाईट माणूस नव्हेत. त्यांच्याकडे तीन गावांचा कारभार होता, वरून नोटीस येण्याची धास्ती होती आणि हिरवं कार्ड जाईल ही भीती होती. पण रजिस्टर दुरुस्त झालं असतं तर पाणी मात्र होतं तसंच राहिलं असतं.

दुसरा पर्याय पाईपलाईनकडे बोट दाखवण्याचा. ओढ्याजवळची लाईन जुनी आहे, तिच्यात गटाराचं पाणी शिरतं, हे गावात सगळेच म्हणत. हे काही अंशी खरं होतं आणि म्हणूनच जास्त मोहाचं होतं. कुणाचंच नाव न घेता ठपका लोखंडावर आणि जुन्या ठेकेदारावर ढकलता आला असता.

तिसरा, तात्यांना घरी बसवायचं. दोन सदस्यांचा याला जोर होता, आणि वस्तीतल्या लोकांचा राग पाहता तो समजण्यासारखा होता. बाहेरून पाहणाऱ्याला हीच खरी जबाबदारी निश्चित करणं वाटेल. मला तसं वाटत नाही. दुसरा माणूस त्याच मेलेल्या पावडरीच्या गोण्या आणि त्याच रिकाम्या बाटलीसमोर उभा राहिला असता, आणि महिनाभरात त्यानंही ‘हो’ लिहायला सुरुवात केली असती.

चौथा पर्याय सरपंचताईंचा. रजिस्टर आहे तसं ठेवायचं, अयोग्य नमुन्यांचे अहवाल त्याच्या शेजारी ठेवायचे आणि सगळं ग्रामसभेत मांडायचं. त्यांची पहिलीच टर्म होती. सदस्यांनी त्यांना सांगितलं की यात तुमचीच खुर्ची जाईल. त्या म्हणाल्या, वस्तीतल्या बायका उद्या मला नळावर भेटणार आहेत, त्यांना काय सांगू?

तात्यांनी काय सांगितलं

विशेष ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात झाली. वस्तीतली माणसं पुढे बसली होती आणि आवाज चढलेले होते. तात्यांनी बोलावं असं कुणी ठरवलं नव्हतं. रजिस्टरचा विषय निघाल्यावर ते मागून उठले. त्यांचं बोलणं छोटं होतं: ‘‘सही माझी आहे. ओटीचं औषध संपून लई दिवस झाले. बघितलं नाही तरी मी ‘हो’ लिहीत गेलो. ‘नाही’ लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग त्याला काय सांगायचं?’’

या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तात्या ते सबब म्हणून बोलले नाहीत, कारण पहिल्याच वाक्यात त्यांनी दोष अंगावर घेतला होता. पण रजिस्टर कसं चालत आलं, हे त्यातून उघडं पडलं. ‘हो’ लिहिलं की कुणी काही विचारत नाही. ‘नाही’ लिहिलं की लिहिणाऱ्याचीच उलटतपासणी. अशा ठिकाणी खरं लिहायला जे धैर्य लागतं ते तीन महिने पगार थकलेल्या माणसाकडून रोज सकाळी मागणं हे व्यवस्थेचं काम नव्हे. आणि तरीही खोटं लिहिण्याचा निर्णय त्यांचाच होता, हे त्यांनी स्वतः म्हटलं ते फार मोलाचं. ते म्हटलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसरं महत्त्वाचं वळण लगेच आलं. सभेत एक-दोघे तात्यांच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात असताना सरपंचताई उभ्या राहिल्या. ‘‘तात्यांनी त्यांचं सांगितलं, आता पंचायतीचं मी सांगते,’’ म्हणत त्यांनी अयोग्य नमुन्यांचे दोन्ही अहवाल तारखांसह वाचून दाखवले आणि ते ऑफिसात आले त्या दिवशी कुणीच काही केलं नाही, हेही सांगितलं. कबुली देणारा एकटा पडला की पुढच्या वेळी कुणी कबुली देत नाही. त्यांनी तात्यांना एकटं पडू दिलं नाही.

सभेनं तात्यांना लेखी समज दिली आणि कामावर ठेवलं. समज देणं योग्यच होतं. न तपासता तपासलं असं लिहिणं ही किरकोळ हयगय नव्हे, त्या आकड्यावर विसंबून माणसं पाणी पितात.

काय केलं

तातडीचं काम आरोग्य विभागाच्या धोरणाप्रमाणे झालं. वस्तीचा पुरवठा थांबवून टँकर लावला, घरोघर क्लोरिनच्या बाटल्या दिल्या, पाणी उकळून प्यायला सांगितलं, टाकी धुऊन घेतली. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. पुढच्या तीन आठवड्यांत जे बदललं ते सांगण्यासारखं आहे.

जुनी पावडर बाद केली. नवीन एकदम न घेता दोन गोण्या घेतल्या. दिवसाला ५०० ग्रॅम धरले तर २५ किलोची गोणी ५० दिवस जाते, म्हणजे दोन गोण्या तीन महिन्यांना पुरतात. त्या शेडमधून उचलून ऑफिसच्या आतल्या खोलीत फळीवर ठेवल्या.

पूर्वी तात्या पावडर ओंजळीनं टाकत. आता त्यांनी प्लास्टिकचा मग किराणा दुकानात नेला, वजनकाट्यावर २५० ग्रॅम पावडर मोजून मगात ओतली आणि जिथवर आली तिथे तापलेल्या खिळ्यानं रेघ मारली. ही कल्पना त्यांची स्वतःची. नंतर त्या रेघेच्या वर त्यांनी दुसरी रेघ मारली. गोणी जुनी होत जाऊन क्लोरिन २५ टक्क्यांवर आलं तर २५० ऐवजी ३३० ग्रॅम लागतात, हा हिशेब त्यांना सांगितला होता. तो त्यांनी वहीत न ठेवता मगावर ठेवला.

वेळही बदलली. आधी पावणेसहाला पावडर टाकून सहाला पाणी सुटायचं. क्लोरिनला जंतू मारायला अर्धा तास लागतो, तो मिळतच नव्हता. आता रात्रीची टाकी भरत आली की निवळ सोडायची आणि दुपारच्या भरणीला पाणी सोडण्याआधी तास राखायचा, असं ठरलं. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि गाळ क्लोरिन खाऊन टाकतो. त्या दिवसांत आधी तुरटी फिरवायची आणि ओटीचा रंग बघून मात्रा वाढवायची.

रजिस्टर नव्यानं आखलं. यावर आमच्यात बराच वाद झाला. मला अधिक रकाने हवे होते, तात्यांना कमी. त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं. ‘हो / नाही’ काढून टाकलं. त्याजागी पहिला नळ, मधला नळ, शेवटचा नळ असे तीन रकाने आले आणि प्रत्येकात रंग पाहून आलेला आकडा. चौथा रकाना: ‘आकडा शून्य आला तर काय केलं’. पाचवा: ज्या घरच्या नळावर तपासलं त्या घरातल्या कुणाचीही सही किंवा अंगठा. या शेवटच्या रकान्यामुळे घरी बसून नोंद करणं अशक्य झालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोज सकाळी कुणीतरी तात्यांच्या हातातल्या नळीत डोकावून बघू लागलं.

आठवड्यातून एकदा शेवटच्या नळाची तपासणी वस्तीतल्या दोन महिला स्वतंत्रपणे करतात. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्याअंतर्गत गावागावांत पाच-पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवलं गेलं. या गावातही ते प्रशिक्षण झालं होतं आणि किट कपाटात पडून होतं.

ओढ्याजवळची गळती

नव्या रजिस्टरच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या नळाला पाच दिवस शून्य आलं. ग्रामसेवकांचा जीव वरखाली झाला, कारण कागदावर गाव आधीपेक्षा वाईट दिसू लागलं. सरपंचताईंनी ते पाचही शून्य तसेच राहू दिले. यातून तात्यांना एक गोष्ट कळली, जी आधीच्या कितीतरी वर्षांत कळली नव्हती: शून्य लिहिल्यानं काही बिघडत नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या नळाला ०.५ येतं आणि शेवटच्याला काहीच नाही, याचा अर्थ क्लोरिन मध्येच कुठेतरी संपतं. एके दिवशी ते पाणी सुटल्यापासून शेवटच्या नळापाशी बसून राहिले आणि थोड्या-थोड्या वेळानं तपासत गेले. पाणी आल्या-आल्या रंग अजिबात नाही. पंधरा मिनिटांनी फिकट पिवळा. अर्ध्या तासानं चांगला पिवळा. संध्याकाळी ऑफिसात येऊन त्यांनी आरोग्य सहाय्यकांना विचारलं, ‘‘साहेब, सुरुवातीचं पाणीच घाण आहे का?’’

प्रश्न अगदी नेमका होता. पाणी बंद झालं की लाईन रिकामी होऊ लागते आणि आत ओढ तयार होते. सांधा सैल असेल आणि भोवती गटाराचं पाणी साचलेलं असेल तर ते आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर हे घाण पाणी आधी नळाला येतं आणि त्यातल्या क्लोरिनचा फडशा पाडतं. वस्तीतल्या बायका पाणी आल्या-आल्या आधी पिण्याचे हंडे भरत होत्या. सगळ्यात वाईट पाणी नेमकं पिण्याच्या हंड्यात जात होतं.

दुसऱ्या दिवशी तात्या लाईनीच्या कडेनं प्रत्येक नळावर तपासत गेले. ओढ्याअलीकडच्या शेवटच्या घरी रंग होता, पलीकडच्या पहिल्या घरी नव्हता. मधल्या वीसेक पावलांत खोदलं. गटाराला खेटून एक नळजोडणी निघाली. सॅडल, म्हणजे पाईपभोवती आवळून जोडणी घट्ट धरणारा पट्टा, न बसवता पाईपला भोक पाडून तोटी घुसवलेली आणि भोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेनं आवळलेली. पट्टी कुजून लोंबत होती.

ती जोडणी काही वर्षांपूर्वी खुद्द तात्यांनीच दिली होती. सॅडल ऑफिसात नव्हतं, घरच्यांना लग्नाआधी पाणी हवं होतं, म्हणून ‘तात्पुरतं’ करून दिलेलं. खड्ड्याशी माणसं जमलेली असताना त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याच दिवशी तालुक्याला जाऊन सॅडल आणलं. पण माझ्या मते खरी गोष्ट पुढची. त्या आठवड्यात त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आपण आजवर केलेली आणखी अशी ‘तात्पुरती’ कामं आठवून-आठवून लिहून काढली. कोणत्या घरापाशी, कशानं बांधलं आहे, काय सामान लागेल. ती यादी त्यांनी ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवली. ती मागितली कुणी नव्हती.

परिणाम

सॅडल बसल्यावर शेवटच्या नळाला आल्या-आल्या ०.२ च्या वर आकडा येऊ लागला. त्या पावसाळ्यात वस्तीत पुन्हा साथ आली नाही. पुढचे नमुने पिण्यास योग्य आले. याचं सगळं श्रेय रजिस्टरला देणं बरोबर नाही, कारण गळती, पावडर आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकदम सुधारल्या होत्या.

तक्रारीही आल्या. गावठाण टाकीच्या जवळ, त्यामुळे तिथे क्लोरिनचा वास जास्त. चहाला औषधाचा वास येतो म्हणून एका टपरीवाल्यानं पंचायतीत अर्ज दिला. तात्या त्याला बरोबर घेऊन वस्तीतल्या शेवटच्या नळावर गेले आणि तिथला आकडा दाखवला. इथे एवढा यायचा तर तिथे तेवढा घालावा लागतो, म्हणाले. मोठ्या भांड्यात पाणी उघडं ठेवलं की वास उडतो, हेही सांगितलं. अर्ज मागे घेतला गेला नाही, पण पुन्हा नवा आला नाही.

हिवाळ्यात ओटीचं औषध पुन्हा संपलं. यावेळी रजिस्टरात आठ दिवस एकच ओळ आहे: ‘औषध नाही, तपासणी नाही.’ खाली तात्यांची सही. मासिक सभेत ते पान पुढे आलं आणि बाटली दुसऱ्या दिवशी आली. त्या आठ रिकाम्या दिवसांचा मला जेवढा आनंद झाला तेवढा चांगल्या आकड्यांचाही झाला नाही.

त्या वर्षीच्या सर्वेक्षणात गावाला पिवळं कार्ड मिळालं. सरपंचताईंनी हिरवं काढून त्याच खिळ्याला पिवळं लावलं. मानधन मात्र अजूनही उशिरानंच होतं.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात पहिली संधी साथीच्या कितीतरी आधी हुकली. पहिला ‘अयोग्य’ अहवाल आला तेव्हा. असा अहवाल ज्याच्या हातात पावडर आहे त्याच्या हातात त्याच दिवशी गेला पाहिजे, त्याच्या सहीनं. आता या गावात तसं होतं. बाकी ठिकाणी तो अजून फायलीत जातो आणि याची मला खरोखर चिंता वाटते.

तात्यांना भर ग्रामसभेत बोलावं लागलं, हे मला पटलेलं नाही. ते आपणहून उठले हे खरं, पण आधी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत विषय घेतला असता तर त्यांना शांतपणे सांगता आलं असतं आणि अंगावर धावून जाण्याची पाळी आली नसती. सरपंचताई वेळीच उठल्या म्हणून निभावलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर कदाचित निभावलं नसतं.

ग्रामसेवकांनी पान बदलायला सुचवलं होतं, त्यावर कुणीच कधी बोललं नाही. नंतर त्यांनी कामाला मनापासून साथ दिली, त्यामुळे विषय मागे पडला. माझ्या मते तो मागे पडायला नको होता. समज तात्यांना लेखी मिळाली. अहवाल दाबून ठेवणाऱ्या टेबलाला तोंडीसुद्धा मिळाली नाही. खालच्या माणसाची चूक कागदावर आणि वरच्याची हवेत, असं झालं की खालच्या माणसाला न्याय झाला असं वाटत नाही, आणि तात्यांनी एकदा माझ्याशी बोलताना हे सौम्य शब्दांत सांगितलंही.

तालुक्याच्या पथकानं आपली पद्धत बदलली ती चांगली झाली. पूर्वी भेटीला गेलं की आधी रजिस्टर पाहिलं जायचं. आता आधी शेवटच्या नळावर ओटी करायची आणि मग रजिस्टर उघडायचं.

एक प्रश्न अजून तसाच आहे. तात्या आजारी पडले किंवा बाहेरगावी गेले तर कोण? निवृत्तीही फार लांब नाही. त्यांनी स्वतःच वस्तीतल्या एका तरुणाला हाताशी घेतलं आहे. तो सकाळचे नळ तपासतो, दुपारचे तात्या. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोघं मिळून पुन्हा नळावर जातात आणि रजिस्टरात तिन्ही आकडे राहतात. त्या मुलाच्या मानधनाचा ठराव मासिक सभेत एकाहून अधिक वेळा आला आणि निधीअभावी पुढे ढकलला गेला. पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी तो मंजूर व्हायला हवा.